आर्टिस्टिक स्विमिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस ऑलिंपिक झालं, मग २०२५ मध्ये सिंगापूरची जागतिक जलक्रीडा स्पर्धा झाली आणि दोन्ही वेळा प्रश्नांचा ओघ वाढला. बहुतेकांनी मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत पाहिलेली असते, ती आवडलेली असते आणि मग गुणफलक बघून डोकं चक्रावलेलं असतं. सर्वांत जास्त विचारणा गुणांबद्दलच होते, म्हणून त्या उत्तरांना इथे जास्त जागा दिली आहे. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला, तर उरलेली माहिती तिथे मिळेल.

१. सिंक्रोनाइज्ड स्विमिंग आणि आर्टिस्टिक स्विमिंग हे वेगवेगळे खेळ आहेत का?

नाही, खेळ एकच. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने, म्हणजे तेव्हाच्या फिनाने, २०१७ मध्ये बुडापेस्टच्या अधिवेशनात नाव बदललं. पुढे फिनाचंही नाव वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स झालं. मराठी वर्तमानपत्रांत ‘कलात्मक जलतरण’ असं छापून येतं. तलावावर मात्र अजूनही सगळे सिंक्रोच म्हणतात.

२. हा खरंच खेळ आहे का? मला तर पाण्यातला नाच वाटतो.

हा प्रश्न रागावून विचारणारेही असतात आणि मनापासून विचारणारेही. दोघांनाही एकच विनंती: पाण्याखालच्या कॅमेऱ्याने घेतलेलं चित्रण एकदा पाहा.

पृष्ठभागावर हसरा चेहरा आणि हातांच्या सुंदर हालचाली दिसतात. त्याच वेळी खाली दोन्ही पाय गुडघ्यापासून उलटसुलट दिशांनी गोल फिरत असतात, ताक घुसळणाऱ्या रवीसारखे, एक क्षणही न थांबता. याला एगबीटर म्हणतात. त्याच्या जोरावर खेळाडू छातीपर्यंत पाण्याबाहेर राहते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. डोकं खाली आणि पाय वर असतात तेव्हा काम हातांकडे जातं. कोपरापासून तळव्यापर्यंतचा भाग शरीराजवळ सतत पाणी कापत राहतो आणि त्यातून मिळणाऱ्या रेट्यावर दोन्ही पाय मांडीपर्यंत हवेत उभे राहतात. हे स्कलिंग. पाण्यात शरीर हलकं होतं हे खरं, पण जो भाग पाण्याबाहेर काढाल त्याचं वजन पूर्ण पेलावं लागतं. म्हणून परीक्षकांचं लक्ष पाणी मांडीवर नेमकं कुठे लागतंय याकडे असतं. बोटभर खाली गेलात की गुण कमी.

हे सगळं श्वास रोखून, संगीताच्या ठोक्यावर आणि शेजारच्या सात जणींच्या बरोबरीने करायचं असतं. मूळ या खेळाचं मनोरंजनातच आहे. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅनेट केलरमन यांनी १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये काचेच्या टाकीत केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पण पहिल्याच जागतिक जलक्रीडा स्पर्धेत, १९७३ साली बेलग्रेडला, हा खेळ होता आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून तो पदकाचा खेळ आहे. इतक्या वर्षांनी त्याला आपलं खेळपण सिद्ध करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

३. जागतिक स्पर्धेत किती प्रकार असतात? ऑलिंपिकमध्ये तेवढेच असतात का?

नाही, इथे बराच फरक आहे. २०२३ च्या फुकुओका स्पर्धेपासून जागतिक अजिंक्यपदात ११ सुवर्णपदकं असतात: महिला एकेरी आणि पुरुष एकेरी (टेक्निकल व फ्री), महिला दुहेरी (टेक्निकल व फ्री), मिश्र दुहेरी (टेक्निकल व फ्री) आणि संघाचे तीन प्रकार (टेक्निकल, फ्री, अ‍ॅक्रोबॅटिक). प्रत्येक देशाला एका प्रकारात एकच प्रवेशिका मिळते.

ऑलिंपिकमध्ये फक्त दोन पदकस्पर्धा होतात, दुहेरी आणि सांघिक. दुहेरीत दोन रूटीनची (रूटीन म्हणजे संगीतावर बसवलेलं एक पूर्ण सादरीकरण) बेरीज, संघात तिन्हींची. त्यामुळे ऑलिंपिकमध्ये एका रूटीनमधली चूक पुढच्या दिवसापर्यंत पाठ सोडत नाही. जागतिक स्पर्धेत मात्र प्रत्येक रूटीनचं पदक वेगळं, म्हणून सकाळी शेवटच्या क्रमांकावर गेलेला संघ दोन दिवसांनी सुवर्ण घेऊ शकतो. १९८४, १९८८ आणि १९९२ मध्ये ऑलिंपिकला एकेरी होती, १९९६ च्या अटलांटात फक्त सांघिक स्पर्धा झाली आणि २००० पासून आजची दोन पदकांची रचना आली.

४. टेक्निकल, फ्री आणि अ‍ॅक्रोबॅटिक यांत फरक काय?

टेक्निकलमध्ये काही घटक नियमांत ठरवून दिलेले असतात आणि ते सर्वांना करावेच लागतात. त्यामुळे दोन देशांची थेट तुलना करायची असेल तर टेक्निकल पाहावं. फ्रीमध्ये रचना तुमची, काठिण्य तुम्ही निवडायचं. अ‍ॅक्रोबॅटिकमध्ये भर उचलण्यावर, फेकण्यावर आणि मनोऱ्यांवर असतो.

वेळ थोडा असतो. एकेरी सुमारे दोन मिनिटांची, दुहेरी अडीच मिनिटांच्या आसपास, संघाचं फ्री रूटीन साडेतीन मिनिटांचं. पाण्यात उतरण्याआधी काठावरची मुद्रा १० सेकंदांत आटोपावी लागते.

५. लिफ्ट करताना खालच्या मुली तळावर उभ्या असतात ना?

नाही. तळाला टेकून आधार घेणं नियमबाह्य आहे आणि त्याला दंड आहे. मोठ्या स्पर्धांच्या तलावात तसं करणं शक्यही नसतं, कारण मुख्य भागात किमान तीन मीटर खोली लागते.

मग एखादी मुलगी हवेत दोन कोलांट्या घेते ती कशी? खाली पाण्यात माणसांचा मनोरा रचला जातो. सर्वांत खालची खेळाडू बहुतेकदा डोकं खाली करून असते, तिच्या पायांवर दुसरी पाय रोवते, तिच्या हातांवर वा खांद्यांवर उडी घेणारी बसते आणि बाकीच्या या सगळ्याला खालून वर रेटत नेतात. मनोरा पृष्ठभागाला भिडतो त्याच क्षणी मधली खेळाडू पाय सरळ करते. हा क्षण जराही चुकला तर उडी तिरकी जाते आणि खाली सात जणींची डोकी असतात. लाथ लागून डोक्याला मार बसणं, कन्कशन होणं, ही या खेळातली माहितीची आणि गंभीर दुखापत आहे.

६. पाण्याखाली संगीत ऐकू येतं का?

येतं. तलावात पाण्याखाली स्पीकर बसवलेले असतात. तरीही खेळाडू फक्त गाण्यावर विसंबून राहत नाहीत. सरावात प्रत्येक हालचाल आकड्यांवर बसवलेली असते आणि प्रशिक्षक काठाच्या लोखंडी शिडीवर काहीतरी आपटून ठोका देत असतात. तो टण्‌टण् आवाज पाण्याखाली स्वच्छ पोहोचतो. सराव बघायला गेलात तर संगीताआधी तोच कानावर पडेल.

७. नाकाला चिमटा, चकचकीत केस, मेकअप… आणि गॉगल का नाही?

डोकं खाली करून फिरताना नाकात पाणी शिरू नये म्हणून नोझ क्लिप. अनेक जणी पोहण्याच्या पोशाखात एक जादा क्लिप खोचून ठेवतात, कारण गर्दीत कुणाचा हात लागून ती उडते.

केसांवर दिसते ती चमक जिलेटिनची, बिनसाखरेच्या आणि बिनस्वादाच्या. पावडर गरम पाण्यात कालवून ब्रशने अंबाड्यावर थर देतात. वाळल्यावर केस टणक होतात आणि हा थर तलावाच्या पाण्यात विरघळत नाही. नंतर अगदी कढत पाण्याखाली बराच वेळ उभं राहून ते काढावं लागतं. केस सुटून तोंडावर आले तर शेजारची दिसणार नाही, हे त्यामागचं कारण.

मेकअपला परवानगी आहे, पण नाटकी रंगरंगोटीला नाही. रूटीनमध्ये गॉगल चालत नाही. म्हणजे क्लोरीनच्या पाण्यात उघड्या डोळ्यांनी पोहायचं आणि धूसर आकारांवरून रांग सांभाळायची.

८. श्वास किती वेळ रोखतात? कुणी बेशुद्ध पडलंय का?

एका अवघड घटकात अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ डोकं पाण्याखाली राहू शकतं. लोक म्हणतात, मी तर मिनिटभर रोखतो. सोफ्यावर बसून रोखलेला मिनिट आणि पाय हवेत ठेवून, पूर्ण ताकदीने स्कलिंग करत रोखलेली तीस सेकंदं यांची तुलनाच होत नाही. शिवाय वर आल्यावर मिळतो तो एखादाच श्वास, तोही हसत हसत घ्यायचा. मग पुन्हा खाली.

हो, असं घडलं आहे. जून २०२२ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ एकेरी फ्रीची अंतिम फेरी संपवताच शुद्ध हरपून तळाशी जाऊ लागली. प्रशिक्षक आंद्रेआ फुएन्तेस, ज्या स्वतः स्पेनकडून ऑलिंपिक पदकं जिंकलेल्या आहेत, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात झेपावल्या आणि तिला वर घेऊन आल्या. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. अल्वारेझ बरी झाली, त्या प्रकारात तिला सातवं स्थान मिळालं, पण महासंघाने पुढच्या सांघिक अंतिम फेरीत तिला उतरू दिलं नाही. तो निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, कारण याआधी २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या पात्रता स्पर्धेतही तिच्या बाबतीत असाच प्रकार झाला होता.

लहान मुलांच्या पालकांसाठी एवढंच: श्वास रोखण्याचा सराव घरी किंवा एकट्याने कधीही करू देऊ नका. उत्तम पोहणाराही यात बुडू शकतो, कारण शुद्ध जाण्याआधी शरीर दर वेळी इशारा देतंच असं नाही.

९. गुण कसे देतात? पूर्वी दहापैकी असायचे, आता तीनशे कसे होतात?

२०२३ पासून पद्धत मुळापासून बदलली. हे एकदा नीट समजलं की स्पर्धा बघण्यातली मजा कैक पटींनी वाढते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

स्पर्धेआधी प्रशिक्षक एक कोच कार्ड भरून देतात. त्यात रूटीनमधला प्रत्येक घटक क्रमाने लिहिलेला असतो: कुठे किती फिरक्या, कुठे पाय झटक्यात पाण्याबाहेर उसळणार, कुठे स्प्लिट, कोणती उडी. प्रत्येक हालचालीला ठरलेलं मूल्य असतं, त्यांची बेरीज म्हणजे त्या घटकाचं जाहीर काठिण्य. एका दमात, पाण्याखालीच जोडून केलेल्या हालचालींच्या मालिकेला हायब्रिड म्हणतात. हायब्रिड जितकं लांब आणि गुंतागुंतीचं, तितकं मूल्य मोठं.

मग परीक्षकांचे दोन गट बसतात. एक गट फक्त घटकांची अंमलबजावणी पाहतो आणि पाव-पाव गुणाच्या टप्प्याने दहापैकी गुण देतो. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गाळून उरलेल्यांची सरासरी काढतात आणि तिला काठिण्याने गुणतात. समजा एका हायब्रिडचं काठिण्य ६ आहे आणि सरासरी ८.५ आली, तर त्या एका घटकाचे ५१ होतात. असे सगळे घटक मिळून आकडा शेकड्यांत जातो. दुसरा गट कलात्मक बाजू पाहतो: रचना व संगीताशी नातं, सादरीकरण आणि एका घटकातून दुसऱ्यात जाण्याची सफाई.

तालमेळ आता मताने जोखला जात नाही. त्यासाठी स्वतंत्र नियंत्रक असतात आणि ते किरकोळ, ठळक आणि मोठ्या चुका मोजतात. प्रत्येकीसाठी ठरलेली वजावट होते.

सर्वांत महत्त्वाचे लोक मात्र अजून राहिले. ते पुढच्या उत्तरात.

१०. ‘बेस मार्क’ म्हणजे काय? चांगलं पोहूनही संघ एकदम तळाला का जातो?

कार्डावर लिहिलेलं पाण्यात खरंच झालं का, हे तपासायला काठिण्य नियंत्रक असतात. त्यांना कोणतंही सौंदर्य मोजायचं नसतं. ७२० अंशांची फिरकी जाहीर केली होती. ती ७२० झाली की कमी पडली? संघातल्या आठही जणींनी केली की एकीची चुकली? शंका असेल तर चित्रण पुन्हा चालवून पाहतात.

चुकली असेल तर त्या घटकाचं जाहीर काठिण्य रद्द होतं आणि जागी अगदी किमान मूल्य धरलं जातं. हाच बेस मार्क. वरच्या उदाहरणातले ६ जाऊन समजा ०.५ आले, तर ५१ ऐवजी चारच्या आसपास गुण उरतात. एका जणीच्या पाव फिरकीने सगळ्या संघाचे चाळीसहून अधिक गुण जातात. फुकुओकात ही पद्धत पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत आली तेव्हा नावाजलेले देश फलकाकडे सुन्न होऊन बघत होते, आणि ज्यांची नावं कधी वरच्या पानावर नसायची ते वर आले होते.

यावर टीका खूप झाली. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा का, हा प्रश्न रास्त आहे आणि नियम त्यानंतर काही प्रमाणात बदलतही गेले आहेत. तरी मी या पद्धतीच्या बाजूने आहे. कारण आता प्रशिक्षकाला खरा निर्णय घ्यावा लागतो: मोठं काठिण्य लिहून जोखीम घ्यायची, की थोडं कमी लिहून स्वच्छ पोहायचं. पॅरिसच्या दुहेरीत हेच दिसलं. ब्रिटनच्या केट शॉर्टमन आणि इझाबेल थॉर्प यांना ५५८.५३६७, तर नेदरलँड्सच्या ब्रेग्ये आणि नूर्ट्ये डी ब्राउअर यांना ५५८.३९६३. फरक ०.१४ चा. ब्रिटनला या खेळातलं पहिलंच ऑलिंपिक पदक, तेही रौप्य, त्या फरकावर मिळालं. जुन्या काळी असा निकाल कुणी कल्पनेतही धरला नसता.

निकाल पटला नाही तर प्रशिक्षक फेरतपासणी मागू शकतात, पण ‘आमचं सादरीकरण जास्त सुंदर होतं’ हे कारण चालत नाही.

११. पूर्वी परीक्षक आवडत्या देशांना गुण द्यायचे, हे खरं आहे का?

उघड लबाडीचा आरोप मी करणार नाही. पण नावाचं वजन पडत होतं, हे बरीच वर्षं खेळातलेच लोक बोलत होते. दहापैकी साडेनऊ कशाचे आणि नऊ कशाचे, याला ठोस आधार नसला की गेल्या वर्षीचा क्रम यंदाही तसाच राहतो. खालच्या क्रमांकाच्या देशाला वर यायला वर्षानुवर्षं लागत.

चुकीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९९२ च्या बार्सिलोनाचं आहे. कॅनडाच्या सिल्वी फ्रेशेटला एका परीक्षकाला ९.७ द्यायचे होते, नोंद ८.७ झाली. चूक लगेच सांगितली गेली तरी आकडा बदलला नाही आणि सुवर्ण अमेरिकेच्या क्रिस्टन बॅब-स्प्रेगला गेलं. दाद मागितल्यावर १९९३ मध्ये फ्रेशेटलाही सुवर्ण देण्यात आलं आणि बॅब-स्प्रेगचंही सुवर्ण कायम राहिलं. स्पर्धेच्या काही दिवस आधीच फ्रेशेटच्या जोडीदाराने जीवन संपवलं होतं. त्या अवस्थेत ती पाण्यात उतरली होती आणि वर हा प्रकार झाला. पदक नंतर मिळालं, पण त्या संध्याकाळी व्यासपीठाच्या वरच्या पायरीवर ती नव्हती.

१२. पुरुषांना परवानगी आहे का?

जागतिक स्पर्धेत पूर्ण आहे. २०१५ साली कझानला मिश्र दुहेरी सुरू झाली. अमेरिकेच्या बिल मे याने क्रिस्टिना जोन्ससोबत टेक्निकलचं पहिलं सुवर्ण घेतलं, तर फ्रीमध्ये रशियाच्या अलेक्सांद्र माल्त्सेव आणि दारिना वालितोवा यांनी बाजी मारली. २०१७ मध्ये टेक्निकलमध्ये इटलीचे जॉर्जो मिनिसिनी आणि मनीला फ्लामिनी जिंकले. २०२३ पासून पुरुष एकेरीही आहे.

ऑलिंपिकची गोष्ट कडवट आहे. बिल मेला २००४ च्या अथेन्सला जायचं होतं. तेव्हा पुरुषांना दारच बंद होतं. पॅरिससाठी नियम बदलला आणि सांघिक प्रकारात आठ जणांत दोन पुरुषांना मुभा मिळाली. पण निवड झाली तेव्हा कोणत्याच देशाने पुरुष घेतला नाही, अमेरिकेच्या अंतिम यादीत बिल मेचंही नाव नव्हतं. परवानगी मिळाली आणि जागा मिळाली नाही. दुहेरी तर पॅरिसमध्ये महिलांपुरतीच होती.

१३. रशिया इतकी वर्षं कसा जिंकत होता आणि आता कुठे आहे?

२००० च्या सिडनीपासून टोकियोपर्यंत या खेळातलं प्रत्येक ऑलिंपिक सुवर्ण रशियन खेळाडूंनी घेतलं. स्वेतलाना रोमाशिनाची एकटीची सात आहेत. लहानपणापासूनची निवड, दिवसाचे कित्येक तास पाण्यात आणि मोठा प्रशिक्षकवर्ग, हे त्यामागचं बळ. जागतिक स्पर्धेत मात्र फट दिसायची: फ्रान्सच्या विर्जिनी देदिएने २००३, २००५ आणि २००७ मध्ये एकेरीचं अजिंक्यपद सलग जिंकलं होतं.

युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाला बाहेर ठेवण्यात आलं, पॅरिसमध्येही त्यांचा संघ नव्हता. सिंगापूरला त्यांचे खेळाडू तटस्थ म्हणून, आपल्या ध्वजाविना परतले.

१४. मग आता वर्चस्व कुणाचं? चीनचं?

पॅरिसमध्ये तरी चीनचंच. सांघिक सुवर्ण ९९६.१३८९ गुणांनी, अमेरिका ९१४.३४२१ वर दुसरी, स्पेन ९००.७३१९ वर तिसरा. चीनचं या खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि दुहेरीतही वांग लिउयी व वांग छिआनयी यांनी सुवर्ण घेतलं. अमेरिकेलाही २००४ नंतर पहिल्यांदाच पदक मिळालं. पाण्याखाली उलटं राहून पृष्ठभागावर पायांनी मूनवॉक करणाऱ्या त्याच या मुली.

चीनच्या या प्रवासात जपानचा मोठा हात आहे. मासायो इमुरा या जपानी प्रशिक्षिकेने २००८ च्या बीजिंगसाठी चीनचा संघ घडवला आणि त्यांना पहिलं पदक, सांघिक कांस्य, मिळवून दिलं. त्यासाठी मायदेशी त्यांच्यावर बरीच टीका झाली. पुढे त्या जपानला परतल्या आणि २०१६ च्या रिओत जपानला दोन कांस्यपदकं मिळाली. एकेरीत जपानच्या युकिको इनुईने २०२२ आणि २०२३ या दोन्ही जागतिक स्पर्धांत टेक्निकल व फ्री अशी दोन्ही सुवर्णं जिंकली. तिची ती रूटीन जरूर पाहा.

१५. जुळ्या बहिणींना फायदा होतो का?

पॅरिसच्या दुहेरीत सुवर्ण आणि कांस्य दोन्ही जुळ्या बहिणींचं होतं. ऑस्ट्रियाच्या अलेक्सांद्री बहिणी तर तिळ्या आहेत. सारखी उंची, पायांची सारखी लांबी आणि बालपणापासूनचा एकत्र सराव यांचा उपयोग होतोच, कारण दोन पाय एकाच उंचीवर दिसणं हाच अर्धा तालमेळ. पण दिसण्यासाठी वेगळे गुण नाहीत. ब्रिटनची रौप्यविजेती जोडी बहिणींची नव्हती.

१६. रिओला तलाव हिरवा झाला होता, त्याचा या खेळाशी काय संबंध?

२०१६ मध्ये मारिया लेंक केंद्रातलं पाणी हिरवं पडलं. डायव्हिंगवाल्यांनी तशाच पाण्यात उड्या मारल्या. सिंक्रोला ते चाललं नसतं, कारण पाण्याखाली शेजारचीचा हात दिसलाच पाहिजे. म्हणून स्पर्धेआधी तलाव रिकामा करून सरावाच्या तलावातलं स्वच्छ पाणी त्यात भरण्यात आलं. पाण्याचं तापमानही २७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावं लागतं.

१७. भारत या खेळात आहे का?

आहे, पण मागे आहे आणि त्याबद्दल आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. भारतीय जलतरण महासंघाच्या अखत्यारीत पोहणं, डायव्हिंग आणि वॉटरपोलोबरोबर हाही खेळ येतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तो होता, त्यानंतर मात्र राष्ट्रकुलमधून वगळला गेला. अलीकडची मोठी संधी म्हणजे २०२५ ची आशियाई जलक्रीडा स्पर्धा. ती अहमदाबादला नारणपुऱ्याच्या वीर सावरकर क्रीडा संकुलात झाली आणि आर्टिस्टिक स्विमिंग त्यात होतं. मुंबईहून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आशियातले संघ आले होते.

अडचण गुणवत्तेची नाही. खोल पाण्याचा तलाव रोज काही तास मोकळा मिळणं, पाण्याखालचे स्पीकर आणि नवी गुणपद्धत जाणणारे प्रशिक्षक, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोच कार्ड नीट भरता येणं हीच आता एक विद्या झाली आहे (प्रश्न ९ आणि १०).

१८. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. पुण्या-मुंबईत हे शिकता येईल का? सुरुवात कशी करावी?

आधी तिला चारही प्रकारांत व्यवस्थित पोहता आलं पाहिजे आणि खोल पाण्याची भीती जायला हवी. एवढं झालं की आठ हे वय उत्तम. शेजारी जिम्नॅस्टिक्स किंवा नृत्य सुरू असेल तर लवचीकता आणि ताल तिथून मिळतो. भरतनाट्यम शिकलेल्या मुलींना मोजून पाय टाकण्याची सवय असते, ती इथे फार कामी येते.

कोणत्या तलावावर सध्या वर्ग चालू आहेत हे हंगामागणिक बदलतं, म्हणून महाराष्ट्र राज्य हौशी जलतरण संघटनेकडे किंवा तुमच्या जिल्हा संघटनेकडे चौकशी करा. तलावावर गेल्यावर विचारा: खोल भाग मिळतो का? आठवड्यातून किती वेळा? प्रशिक्षक पाण्यात उतरतात का? श्वास रोखण्याच्या सरावावर कोण लक्ष ठेवतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा तलाव शोधा (कारण प्रश्न ८ मध्ये).

१९. मुलगा असेल तर?

तेच सगळं लागू आणि आता त्याच्यासमोर जागतिक एकेरी, मिश्र दुहेरी आणि संघ असे तीन रस्ते आहेत (प्रश्न १२). वर्गात तो एकटाच मुलगा असण्याची शक्यता जास्त. त्याला ते आधीच सांगून ठेवा आणि मिनिसिनीची रूटीन दाखवा.

२०. रूटीनच्या मध्ये संगीत बंद पडलं किंवा खेळाडू थांबली तर काय होतं?

दोन्हींत फरक आहे. यंत्रणेत बिघाड झाला किंवा खेळाडूंच्या हाताबाहेरचं काही घडलं, तर पंच रूटीन पुन्हा करू देऊ शकतात. खेळाडू स्वतःहून थांबली तर ती बाद. म्हणूनच नोझ क्लिप उडाली, पोशाखाचा पट्टा तुटला किंवा लाथ बसून ओठ फुटला, तरी त्या पोहत राहतात. प्रेक्षकांना बहुतेकदा यातलं काही कळत नाही. काठावर आल्यावर ओठाला टॉवेल लावलेला दिसतो तेव्हा कळतं.

२१. पुढची जागतिक स्पर्धा कधी?

२०२७, बुडापेस्ट. त्याआधी दरवर्षी विश्वचषकाचे टप्पे असतात. नवी काठिण्यं तिथेच आधी आजमावून पाहिली जातात, त्यामुळे कोणता देश काय धाडस करणार याचा अंदाज तिथे येतो.